सुरपाट्या आमच्या विहिरीवर जन्मल्या, त्याची नोंद व्हावी

प्रति,
मा. संपादक मंडळ,
दर्शनिका विभाग, महाराष्ट्र शासन.

विषय : सांगली जिल्ह्याच्या पुढील दर्शनिकेत आट्यापाट्यांच्या उगमाचा एक परिच्छेद घालणेबाबत.

महोदय,

आपल्या विभागाने साताऱ्याची दर्शनिका, म्हणजे गॅझेटिअर, १९६३ साली काढली आणि सांगलीची १९६९ साली. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, इंग्रज सरकारने सातारा जिल्ह्याचा भलाथोरला खंड छापला होता. नद्या, पिकं, बाजार, घाट, देवळं, दुष्काळ अशी शिस्तीत मांडलेली ही पुस्तकं आम्ही गावाकडची माणसं उघडतो ती मुख्यतः आपल्या गावाचं नाव कुठे आलंय का ते बघायला. नाव सापडलं की पान दुमडून ठेवतो आणि पाहुणा आला की दाखवतो. पुढची आवृत्ती कधी ना कधी निघेलच. ती निघेल तेव्हा खेळांच्या प्रकरणात एक परिच्छेद वाढवावा, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र.

परिच्छेद आट्यापाट्यांचा. आमच्याकडे सुरपाट्या म्हणतात. हा खेळ कृष्णा आणि येरळा यांच्या मधल्या शिवारात, एका विहिरीवरच्या पाण्याच्या भांडणातून जन्मला, असं त्यात यावं.

ही हकिगत मी रचलेली आहे. आधीच सांगून ठेवतो. उद्या कुणी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर तुमची पंचाईत नको. पण रचलेली म्हणून बाद, असं करू नका. खेळांच्या जन्मकथा बऱ्याचदा अशाच येतात, आणि मोठमोठ्या देशांनी त्या मानाने दप्तरी दाखल करून घेतल्या आहेत.

अमेरिकेचं बघा. बेसबॉल हा खेळ आपलाच, इंग्रजांच्या राउंडर्स नावाच्या खेळातून आलेला नव्हे, हे एकदाचं ठरवून टाकायला तिथे १९०५ साली एक मंडळ बसलं. लोकांकडून माहिती मागवली. तेव्हा डेन्व्हरच्या अॅबनर ग्रेव्ह्ज नावाच्या खाण अभियंत्याने ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला पत्र धाडलं, की हा खेळ अॅबनर डबलडे याने आमच्या कूपर्सटाऊन गावात काढला, मला पक्कं आठवतं. साल ठरलं १८३९. त्या साली ग्रेव्ह्ज पाच वर्षांचा होता आणि डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत कवायत करत होता. पुढे तो सेनापती झाला आणि १८९३ मध्ये वारला. बेसबॉल मी काढला असा दावा त्याने स्वतः कधी केला नाही. तरीही मंडळाने १९०७ च्या अखेरीला निकाल दिला, डबलडेच. मग १९३९ मध्ये शंभरी धरून कूपर्सटाऊनला बेसबॉलचं संग्रहालय उघडलं. इतिहासकारांनी ती कथा केव्हाच मोडीत काढली, पण संग्रहालय जागचं हललं नाही. लोक अजून तिकीट काढून जातात. एका पत्रावर एवढं झालं, महोदय. माझंही पत्रच आहे, आणि मी तर रचलंय म्हणून उघड सांगतोय.

इंग्लंडातही तेच. विल्यम वेब एलिस नावाच्या पोराने १८२३ मध्ये शाळेच्या मैदानावर चेंडू हातात धरून पळ काढला आणि रग्बी सुरू झाली, म्हणे. ही गोष्ट पुढे आली १८७६ मध्ये, एलिस वारल्यावर चार वर्षांनी, आणि सांगणारा त्या दिवशी मैदानावर नव्हता. आज रग्बीच्या विश्वचषकाला नाव एलिसचं आहे.

आपल्याकडे मल्लखांबाची कथा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे पैलवान आव्हान द्यायला आले, समोर कुणी उठेना. तेव्हा बाळंभट्टदादा देवधर सप्तशृंगगडावर जाऊन बसले आणि तिथे वानराच्या रूपात मारुतीने त्यांना खांबावरचे डाव दाखवले. ही कथा मला मनापासून आवडते. तिच्यात माकड आहे, खांब आहे, घाबरून बसलेले पैलवान आहेत. म्हणजे खेळात जे दिसतं ते कथेत आहे. जन्मकथेची परीक्षा घ्यायची तर एवढीच घ्यावी, बाकी खरंखोटं देवाला माहीत.

या परीक्षेत महाभारत नापास होतं. हल्ली कुठल्याही स्पर्धेच्या उद्घाटनाला जा. नारळ फुटतो, पाहुणे माइक हातात घेतात आणि सरळ कुरुक्षेत्रावर जातात. कबड्डी म्हणजे चक्रव्यूह. खो-खो म्हणजे रथांची दौड. आट्यापाट्या म्हणजे फिरून चक्रव्यूह, कारण तोवर पाहुण्यांकडचे व्यूह संपलेले असतात. पोरं उन्हात रांगेने उभी, वाऱ्याने फक्की उडून चाललेली, आणि पाहुणे अजून सातव्या फळीतच. कुणी विचारत नाही की अभिमन्यू आत शिरला तो परत आलाच नाही. कबड्डीत जो परत येत नाही त्याला बाद म्हणतात. पहिल्याच चढाईत बाद झालेला गडी त्या खेळाचा आद्यपुरुष कसा? खो-खोत एका वेळी आठ जण उकिडवे बसलेले असतात. रथ उकिडवा बसलेला कुणी पाहिलाय? आट्यापाट्यांत तर सगळी धडपड परत येण्यासाठीच असते, तिथे अभिमन्यूचं काय काम!

माझा राग महाभारतावर नाही. राग एवढाच, की या असल्या कथांत शेतकरी कुठेच नसतो. खेळ काढायचे राजपुत्रांनी, आम्ही फक्त खेळायचे. तुकोबांनी विटीदांडू, हुतूतू, टिपरी हे खेळ अभंगांत घेतले. गावची पोरं काय खेळतात ते बघायला त्यांना कुरुक्षेत्रावर जावं लागलं नाही.

आता हकिगत. आधी खेळ डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आखलेल्या आणि त्यांना मधोमध छेदून जाणारी एक उभी सूरपाटी. एका बाजूचे नऊ गडी पाट्या धरतात. आपली पाटी सोडायची नाही, तिच्यावरच डावीउजवीकडे सरकायचं. दुसऱ्या बाजूचे नऊ जण एकेक पाटी ओलांडत वरून खाली जातात आणि शेवटची पार करून पुन्हा वर येतात. ओलांडताना पाटीवाल्याचा हात लागला की मेला. पहिली पाटी धरणारा तो सूर; त्याला तेवढी उभ्या पाटीवरून पळायची मुभा. मध्येच अडकून पडले की कोंडी. सगळं पार करून परतला की लोण. ताकदीचा इथे फारसा उपयोग नाही, सगळी मदार हुलकावणीवर.

हेच चित्र घेऊन आता जुन्या बागायतीत या. वर विहीर, मोटेचं पाणी पडतं ते थारोळं, थारोळ्यातून निघून उताराने सरळ खाली गेलेला पाट, आणि त्या पाटाला आडवे गेलेले वाटणीचे बांध. मला आणखी काही सिद्ध करायची खरं तर गरज नाही.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारची चार गावं उद्याच 'आमची विहीर जुनी' असे फलक लावतील. काळ मोटेचा. एका विहिरीत नऊ भाऊबंदांचा हिस्सा. मूळ पुरुष एकच, पण वाटण्या होत होत रानाचे नऊ तुकडे पडलेले, एकाखाली एक, विहिरीपासून ओढ्यापर्यंत. पाणी पाळीने घ्यायचं. वरच्याची पाळी संपली की त्याने दारं, म्हणजे पाणी अडवलेलं मातीचं तोंड, मोडायचं आणि पाणी खालच्याला सोडायचं, असा ठराव. ठराव चांगला होता. वरच्याची पाळी तेवढी संपत नव्हती. 'हे काय, शेवटची सरी राहिलीय' असं म्हणत तो खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा. त्याचं बघून दुसरा शिकला, दुसऱ्याचं बघून तिसरा. नवव्याकडे पाणी येई ते स्वप्नात.

आणि तरीही नवव्याचं रान ओलं! उताराच्या तळाला असंच होतं. वरच्या आठ जणांनी गरजेपेक्षा जास्त पाजलेलं पाणी जमिनीखालून झिरपत त्याच्या रानात येऊन बसे. निचऱ्याला वाट नाही. ऊन तापलं की पाणी उडून जाई आणि मातीतले क्षार वर येऊन पांढरा पापुद्रा धरत. वाळवा, पलूस, मिरज या भागातली क्षारपड रानं ज्याने पाहिली आहेत त्याला हे फोडून सांगायला नको. आधी ऊस पिवळा पडतो, मग खुरटतो, मग उगवायचाच थांबतो, आणि सातबाऱ्यावर बागायत असलेल्या रानात लव्हाळा वाऱ्यावर डोलत राहतो. थोडक्यात, नवव्याची तक्रार दुहेरी होती. पाणी येत नाही, आणि पाणी येतं. पंचांना ही तक्रार समजेना.

पंच पारावर बसले. आठही जण एका आवाजात म्हणाले, आम्ही सोडतो, वाटेत माती पिते त्याला कोण काय करणार. नववा म्हणाला, सोडत नाहीत. साक्षीदार मिळेना, कारण रात्री पाण्यावर जो जागा असतो तो फक्त आपल्या दाऱ्याकडे बघत असतो. रात्र चढत चालली. पंचांतल्या एका म्हाताऱ्याला झोप आवरेना. तो वैतागून म्हणाला, "मग तूच पानी हो आन् जाऊन दाखव. हिरीवरनं नीघ, समदे बांध वलांड, तुझ्या रानात पोच, आन् तितली मूठभर माती घिऊन माघारी ये. आलास तर तुझं खरं." म्हातारा एवढं बोलून घोरायला लागला, पण बोललेलं ठरावात गेलं.

अटी ठरल्या. ज्याने त्याने आपल्याच बांधावर उभं राहायचं. ही अट आठ जणांनी स्वतःच मागून घेतली, कारण आपला बांध सोडून पुढे गेलं की मागच्या मागे शेजारी दारं मोडून घेईल, ही धास्ती. खेळातला सगळ्यात कडक नियम असा भाऊबंदकीतून आलेला आहे, कुणा आचार्याने घालून दिलेला नाही. आता आठ भाऊबंद आणि पाट्या नऊ, हा हिशेब आपल्या चाणाक्ष संपादकांनी एव्हाना केला असेल. नववी पाटी पाटकऱ्याची. पाटावर देखरेखीला गावाने एक पाटकरी ठेवला होता. तो कुणा एकाचा नव्हे, साऱ्या पाटाचा. म्हणून थारोळ्यालगतची पहिली जागा त्याला दिली आणि उभ्या पाटावरून वरखाली करायची मोकळीक दिली. हाच सूर. असा निःपक्ष माणूस अडवणाऱ्यांच्या बाजूला कसा गेला, हा प्रश्न ज्याने पाटाचं पाणी कधी घेतलेलं नाही त्यालाच पडावा. वरच्यांकडे हुरडा होता, गुऱ्हाळ होतं, काहिलीतला गरम गूळ होता. नवव्याकडे लव्हाळा.

पहिल्या रात्री नववा एकटाच निघाला आणि थारोळ्यापाशीच पाटकऱ्याच्या हाताला लागला. दुसऱ्या खेपेला दोन बांध ओलांडले, पण तिथे पुढचे-मागचे दोघेही टपून, पाटावर पाटकरी. ना पुढे सरकता येईना ना मागे. कोंबडा आरवेपर्यंत नववा म्हातारा चिखलात उभा. ती पहिली कोंडी.

तेव्हा त्याच्या धाकट्या सुनेने डोकं चालवलं. ती रोज डोक्यावर घागर घेऊन त्याच बांधांवरून विहिरीला जात-येत असे. कोण कुठल्या पायावर भार देऊन उभा राहतो, कुणाला डुलकी लागते, कुणाचा गुडघा धरतो, सगळं तिला पाठ. ती म्हणाली, "मामंजी, तुमी एकलंच निघताय आन् नाकासमोर जाताय. पानी आसं जातंय का कवा? आडलं की त्ये गप ऱ्हातंय, फुगतंय, आन् ज्या अंगाला फट गावंल तिकडनं सटकतंय. आन् त्ये एकलं नसतंय."

मग घरातली माणसं मोजली. म्हातारा, तीन मुलं, तीन सुना, जावई आणि नातू, भरले नऊ. जावई सणाला म्हणून आलेला होता. आपण कशासाठी पळतोय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि सगळ्यांच्या आधी मेला तोच. असा एक गडी प्रत्येक संघात अजून असतो, आणि माझ्या मते जावयाची ही परंपरा फारशी कुणाच्या लक्षात आलेली नाही.

त्या रात्री चांदणं होतं. नऊच्या नऊ जण एकदम थारोळ्यावर येऊन डुलायला लागले तशी पाटकऱ्याची मान गरगरली. जावई पडला, पण त्याला पाडायच्या नादात तीन जण आत शिरले. पहिल्या भावाने नातवाला धरायला उडी घेतली, नातू त्याच्या पायांमधून गेला. तिसऱ्याचा गुडघा जिथे धरायचा तिथेच धरला. पाचवा जागा होता, पण कुणाला अडवायचं ते ठरवेपर्यंत दोघी जावा पार. सहाव्याचं कुत्रं दोन्ही बाजूंनी खेळलं. म्हातारा पुन्हा त्याच जागी कोंडीत सापडला, पण या वेळी मुद्दाम. तिथे उभा राहून त्याने एवढा आरडाओरडा केला की पाटकरी सगळा पाट सोडून त्याच्याकडे धावला, आणि तेवढ्यात धाकटी सून खालच्या बांधांना भिडली. आठव्या भावापुढे तिने कमरेवरची घागर डाव्या हाताला फेकली. तांब्याची घागर, आवाज केवढा झाला असेल! आठवा घागरीवर झेपावला आणि ती उजवीकडून गेली. हुलकावणी ही अशी घागरीने शिकवलेली आहे.

रानात पोचून तिने मूठ भरली. आता परतायचं. जाताना अर्ध्या जणांनी तिला पाहिलंच नव्हतं. येताना आठही भाऊबंद खाली तोंड करून, डोळे ताणून, हात पसरून उभे. या परतीचं वर्णन मी करत नाही. ज्याने सुरपाट्या खेळल्या आहेत त्याला ते पोटऱ्यांत आठवेल आणि ज्याने खेळल्या नाहीत त्याला सांगून उपयोग नाही. ती आली. पंचांपुढे मूठ उघडली. चांदण्यात ती माती मिठासारखी पांढरी दिसत होती. झोपलेल्या म्हाताऱ्या पंचाला उठवून चिमूट त्याच्या जिभेवर ठेवली. तो थुंकला आणि म्हणाला, "लोण." मग पुन्हा झोपला.

पंचांनी निकाल दिला की पाण्याची पाळी यापुढे शेवटच्या रानापासून सुरू करावी. हे तत्त्व पुढे कालव्यांच्या पाणीवाटपात शिकल्यासवरलेल्या लोकांनीही मांडलं, पण आमचे पंच आधी. आठ जणांनी अर्थातच निकाल मानला नाही. म्हणाले, घागर फेकणं पाण्याला शोभत नाही, फिरून होऊ दे. आणि आता आम्ही पाणी होतो, तुम्ही बांध धरा. बाजू बदलल्या आणि तिथून त्या भांडणाचा खेळ झाला. वरचे आठ जण जन्मात पहिल्यांदा आपल्या बांधावरून उतरले आणि दुसऱ्याच्या बांधापुढे ताटकळत उभे राहिले. पाळीचं पुढे काय झालं म्हणाल, तर निकालाची अंमलबजावणी प्रलंबित आहे.

पुरावे मागाल म्हणून थोडं बाहेरचं सांगतो. फिलिपाइन्समध्ये याच घाटणीचा पातिंतेरो नावाचा खेळ आहे. तिथे रेषा पाण्याने ओढायची रीत, म्हणून त्याला पाण्यावरून पडलेलं तुबिगान असंही नाव आहे. पश्चिम जावात त्याच खेळाला गालाह असिन म्हणतात, आणि असिन म्हणजे खारट. पाणी मनिलाकडे सापडलं आणि मीठ जावात, यापेक्षा मी काय आणून दाखवू? बंगालात दारियाबांधा आहे, केरळात किळित्तट्टु आहे. कुणी शहाणा विचारेल, इतक्या मुलखांत पसरलेला खेळ एका विहिरीवर कसा जन्मेल. माझं उत्तर असं, की हळदीच्या पोत्यांबरोबर सांगलीहून काय काय बाहेर गेलं याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. शिवाय त्या आठ भाऊबंदांची पोरं पुढे पोटापाण्यासाठी कुठे कुठे गेली, याची चौकशी आपल्या विभागाने करायला हरकत नाही.

हरकत येईल ती सातारकरांकडून. त्यांना आधीच सांगतो, ही हकिगत घडली तेव्हा आपण एकच होतो. दक्षिण सातारा वेगळा निघाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. पण उगम मात्र आमच्या हद्दीत राहू द्या, कारण तुमच्याकडे तसंही पुष्कळ आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव तुमचे. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कुस्तीचं कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्यासाठी कुणाला गोष्ट रचावी लागली नाही. औंध तुमचं, जिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. कृष्णा उगवते तुमच्या महाबळेश्वरला, कोयनेचं धरण तुमच्याकडे. खेळाच्या भाषेत सातारा वरच्या पाटीवर आहे आणि आम्ही खाली. उन्हाळ्यात आमची नजर तुमच्या धरणांच्या साठ्यावर, पावसाळ्यात विसर्गावर. २०१९ च्या ऑगस्टात पाण्याने सगळ्या पाट्या एका दमात ओलांडल्या आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली. ज्यांनी तेवढं सोसलं त्यांच्या नावावर एखादा खेळ लागला तर कुणाचं काय बिघडतं?

घाई एवढ्यासाठी करतोय की पुरावा नाहीसा होत चाललाय. तासगावकडच्या द्राक्षबागांत पाट उरलेला नाही. काळ्या नळ्या आणि थेंब थेंब पाणी. ठिबकला मी वाईट म्हणणार नाही. वरच्या आठ जणांकडे तेव्हा ठिबक असतं तर नवव्याचं रान खारवलं नसतं, आणि आपल्याला खेळही मिळाला नसता. मोटर मोबाईलवरून चालू होते. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उपसून दुष्काळी तालुक्यांत चढवलं. पाणी आता खालून वर जातं! त्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, परिषदा भरवल्या, आणि ते पाणी पोचलं तेव्हा त्याची पूजा केली. पण झोपलेल्या म्हाताऱ्या पंचाला हे समजावणं अवघड गेलं असतं.

तर सांगायचं असं, की ज्या पोराने रात्री दारं धरलेलं नाही त्याला पाटी धरायला आता वेगळं शिकवावं लागतं. शाळेच्या मैदानावर पाट्या आखून होईपर्यंत क्रिकेटवाले स्टंप रोवून मोकळे होतात. या खेळाला चेंडू लागत नाही, जाळी लागत नाही, बूट लागत नाहीत. साहित्यच नाही, म्हणजे खरेदी नाही, आणि खरेदी नाही म्हटल्यावर त्याची आठवण ठेवायची कुणी? तरी गावोगावी काही शिक्षक सुट्टीच्या दिवशी स्वतः फक्की मारून पोरांना उभं करतात. त्यांच्या स्पर्धेला पाहुणे म्हणून गेलात तर भाषण करू नका, एवढी एक जोडविनंती.

आपल्या सोयीसाठी परिच्छेदाचा मसुदा सोबत देतो. भाषा आपल्या दर्शनिकेला साजेशी ठेवली आहे :

"आट्यापाट्या (स्थानिक नाव सुरपाट्या) : या खेळाचा उगम कृष्णा व येरळा या नद्यांच्या दरम्यानच्या एका विहिरीवर झाला, असे शेवटच्या रानातील लोक मानतात. वरच्या रानांतील लोकांना हे मान्य नाही."

यात खोटा शब्द एकही नाही. मानणारा मी एक आहेच, आणि वरच्यांना मान्य नसण्याची खात्री मी देतो.

स्थळपाहणीला जरूर यावं. विहीर दाखवीन. नऊ जण आलात तर बरं पडेल, संध्याकाळी एक डाव टाकू. पाट्या आधी आपण धरा, आम्ही पाणी होतो. दुसऱ्या डावाला बाजू बदलायच्या आहेत, त्याआधी कुणी जेवायला उठायचं नाही.

कळावे,

आपला,
शेवटच्या रानातला एक शेतकरी
जि. सांगली

ता.क. : यायच्या आधी निरोप द्यावा. शेतीची वीज रात्रपाळीला असते त्या आठवड्यात मी दिवसा झोपलेला असतो, आणि वरच्या रानातल्या कुणाला विहिरीचा रस्ता विचारलात तर ते तुम्हाला उलट्या वाटेने पाठवतील.